खवले मांजर मोजायला पैसे आहेत, मोजणाऱ्याला नाहीत

मे संपत आला की आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर पहिला फोटो पडतो. काळा-पांढरा पक्षी, डोक्यावर तुरा, बाभळीच्या शेंड्यावर बसलेला. चातक आला. मग दोन-तीन दिवस नुसतं तेच, कुणी सांगतं बारामतीच्या माळावर दिसला, कुणी नगरकडचा फोटो टाकतं, आणि पाऊस आता किती दिवसांवर याच्या पैजा लागतात. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येणारे हे चातक पूर्व आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात असं अभ्यासक मानतात, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने तो आपल्याकडे नसतोच. यंदा कॉलेजातल्या एका पोरानं साधा प्रश्न विचारला, तिकडे याला कोण बघतं?

त्यावर कुणीतरी बातमी टाकली की अमेरिकेनं मदत थांबवल्यापासून आफ्रिकेतली वन्यजीवांची कामं बंद पडतायत, तिथले तरुण संशोधक घरी बसलेत, आणि मग सुरू झालं. अमेरिकेच्या पैशावर आफ्रिकेतले प्राणी कशाला मोजायचे, तिथली सरकारं काय करतायत, एवढे पैसे जातात कुठं. प्रश्न सगळे रास्त होते. मी सह्याद्रीत दोन पावसाळे बेडकांच्या सर्व्हेवर फील्ड असिस्टंट म्हणून काढलेत, ग्रँटचे फॉर्म भरलेत, हिशेबाची बिलं चिकटवलीत, म्हणून म्हटलं हे एकदा नीट बसून लिहावं. माझं म्हणणं आधीच सांगतो. आफ्रिकेतल्या तरुण संशोधकाला पैसे कमी मिळतात हे खरंच आहे, पण त्याहून मोठी अडचण ही की जे मिळतात ते कामाला मिळतात, माणसाला मिळत नाहीत.

आधी ग्रँट म्हणजे काय ते बघू

ग्रँट म्हणजे परत करायचे नसलेले पण पै-पैचा हिशेब द्यायचे पैसे. कर्ज नाही, बक्षीसही नाही. तुम्ही आधी लिहून द्यायचं की मी अमुक जंगलात अमुक प्राणी इतके महिने मोजणार, त्याला इतका खर्च, त्यातून हे कळेल, आणि तेवढ्याच कामावर ते पैसे खर्च करून रिपोर्ट द्यायचा.

तरुणांसाठीच्या ग्रँट बऱ्याचदा आपल्या बचत गटासारख्या चालतात. गटात नवीन बाईला पहिल्यांदा थोडेच पैसे देतात, तिनं ते नीट वापरले, हप्ते फेडले, की पुढच्या वेळी जास्त. ब्रिटनमधलं रफर्ड फाउंडेशन असंच करतं, पहिली ग्रँट छोटी, साधारण पाच-सात हजार पाउंडांची, तिचा रिपोर्ट चांगला गेला की दुसरी, मग त्याहून मोठी. आपल्याकडच्या वन्यजीव अभ्यासकांना हे नाव नवीन नाही, भारतातल्या कितीतरी पोरांचं पहिलं स्वतःचं काम याच पैशावर उभं राहिलंय, आणि त्याच रांगेत घाना, कॅमेरून, मादागास्करची पोरंही उभी असतात. याशिवाय १९८५ पासूनचा कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्रॅम आहे जो एकट्याला नाही तर पोरांच्या टीमला पैसे देतो, अबू धाबीचा मोहम्मद बिन झायद फंड आहे जो एकेका प्रजातीसाठी जास्तीत जास्त २५ हजार डॉलरपर्यंत देतो, ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीची खास आफ्रिकेतल्या संशोधकांसाठीची ग्रँट आहे, आणि आयडिया वाइल्ड नावाची एक अमेरिकन संस्था तर पैसे देतच नाही, दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा असं सामानच पाठवते. डब्ल्यूडब्ल्यूएफची १९९४ पासूनची रसेल ट्रेन यांच्या नावाची एक फेलोशिप एमएस्सी-पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. मग अडतं कुठं?

एका काल्पनिक मुलीचं बजेट

समजा, कॅमेरूनमध्ये याउंदेला शिकणारी एक मुलगी आहे आणि तिला खवले मांजराचा अभ्यास करायचाय. आपल्या कोकणातल्या लोकांना खवले मांजर ठाऊक आहे, अंगावर खवले, धोका दिसला की गोल वळकटी. जगात त्याच्या आठ जाती, चार आशियात आणि चार आफ्रिकेत, आणि खवल्यांसाठी इतकी शिकार झाली की २०१६ साली जोहान्सबर्गच्या बैठकीत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. पण जंगलात नक्की किती उरलेत हे कुणालाच धड माहीत नाही, कारण हा प्राणी बहुतेक रात्रीचा, एकटा, आणि आवाजही न करणारा. त्याला शोधायचा एक मार्ग म्हणजे कॅमेरा ट्रॅप, झाडाला बांधायचा कॅमेरा, समोरून काही हललं की आपोआप फोटो काढतो.

मुलीला सहा हजार पाउंड मिळाले. आपल्या हिशेबात सहा-सात लाख रुपये. ऐकायला भरपूर वाटतात. आता वीस कॅमेरे घ्या, एक साधारण पंधरा-वीस हजाराला, झाले तीन-चार लाख. एका कॅमेऱ्यात आठ पेन्सिल सेल, म्हणजे एका वेळी १६० सेल, आणि दमट जंगलात ते किती टिकतील याचा भरवसा नाही, म्हणून एकूण तीन वेळा घालायचे म्हटले तर जवळजवळ पाचशे सेल, आणि स्वस्तातले घेतले तर मधेच मान टाकतात म्हणून चांगलेच घ्यावे लागतात. मेमरी कार्डं. कॅमेरे चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळी-कुलपं, आणि आतली काच धुरकटू नये म्हणून ओलावा शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या. जंगल माहीत असलेले गावातले दोन वाटाडे, बहुतेक पूर्वी शिकार करणारेच, त्यांची रोजची मजुरी, आणि ती द्यायलाच हवी, तेच खरे जाणकार. मोटरसायकलवाल्याचं भाडं. सरकारी परवान्याची फी. औषधं, कारण मलेरिया होणारच.

हे सगळं बेरजेला घेतलं की सहा हजार पाउंड संपतात. आता सांगा, या यादीत ती मुलगी कुठंय?

तिच्या खोलीचं भाडं, तिचं वर्षभराचं जेवण, युनिव्हर्सिटीची फी, लॅपटॉप बंद पडला तर दुरुस्ती, यातलं काहीच नाही. पुष्कळ छोट्या ग्रँटमध्ये अर्जदाराचा पगार चालत नाही किंवा अगदी नावाला चालतो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्यांना वाटतं पगार तर युनिव्हर्सिटी देतच असेल. लंडन किंवा आम्सटरडॅमच्या विद्यार्थ्याला स्टायपेंड, म्हणजे जगण्यापुरते ठरलेले पैसे, असतो आणि फील्डचा खर्च वरून मिळतो, तेच गृहीत धरून फॉर्म बनलेले असतात. याउंदेच्या मुलीला खालचा तो पायाच नाही. विहीर खणायला अनुदान मिळालं, पण मोटार नाही, पाइप नाही, तसं.

आमच्या सर्व्हेतही हेच होतं. पेट्रोल, हेडटॉर्च, सेल, सगळं ग्रँटमधून, आणि आम्ही तिघं ज्या मावशींकडे उतरायचो त्या भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढायच्या, पावसात भिजून रात्री एक वाजता आलो तरी चूल पेटती ठेवायच्या, आणि बजेटमध्ये त्यांच्यासाठी ओळच नव्हती. आम्ही खिशातून काय जमेल ते द्यायचो आणि त्या निम्मे परत करायच्या. त्या दोन पावसाळ्यांत ज्या काही नोंदी झाल्या त्यांचा खरा खर्च मावशींनी सोसलाय. त्यांचं नाव रिपोर्टात आभाराच्या ओळीत आहे, एवढंच. मी ते दोन पावसाळे काढू शकलो कारण घरी वडिलांचा पगार होता. ज्याच्या घरी तो नाही तो पोरगा पहिल्याच वर्षी गळतो, मग तो कितीही हुशार असो.

पैसा वेळेवर येणं हीपण एक गोष्ट असते

शेतकऱ्याला कळेल असं सांगतो. पीककर्ज पेरणीच्या आधी मिळालं तर उपयोग, दिवाळीला मिळालं तर ते फक्त कर्ज. फील्डच्या कामाचं अगदी तसंच आहे. पक्षी घरटी करतात तो महिना ठरलेला, बेडूक ओरडतात ते आठवडे ठरलेले. आमची एक ग्रँट जुलैत मंजूर झाली आणि पैसे ऑक्टोबरात खात्यात आले, मधले तीन महिने संस्थेच्या ऑफिसात एक सही अडकली होती. बेडूक काही सहीसाठी थांबले नाहीत, तो सीझन गेला तो गेलाच.

आफ्रिकेत यात आणखी एक भानगड असते ती चलनाची. नायजेरियाचं उदाहरण घ्या. २०२३ च्या जूनपर्यंत तिथं डॉलरचा अधिकृत दर ४६० नायराच्या आसपास धरून ठेवलेला होता आणि बाहेर बाजारात तोच डॉलर ७०० च्या वर विकला जात होता. ग्रँट बँकेतून अधिकृत दरानं यायची, आणि कॅमेरा, सेल, टायर, जे जे बाहेरून येतं ते बाजारातल्या दरानं विकत घ्यायचं. म्हणजे कुणी एक पैसाही न खाता ग्रँटचा तिसरा हिस्सा हवेत गेला. नंतर सरकारनं दर मोकळा सोडला तर वर्षभरात नायरा इतका पडला की अर्ज करताना लिहिलेले भाव आणि दुकानातले भाव यांचा काही ताळमेळच राहिला नाही. असा हिशेब लंडनच्या ऑफिसला समजावून सांगायचा म्हणजे त्या पोराला जंगलातल्या कामाइतकंच काम कागदावर करावं लागतं.

शिवाय भाषा. कॅमेरूनमध्ये फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चालतात, सेनेगल, कांगो, मादागास्करमध्ये फ्रेंच, मोझांबिकमध्ये पोर्तुगीज. बहुतेक फॉर्म इंग्रजीत. आपल्याकडे मराठी माध्यमातल्या पोराला पहिला इंग्रजी फॉर्म भरताना जे होतं ते आठवा, आणि इथं तर त्याची घरची भाषा तिसरीच असते.

मग २०२५ मध्ये नेमकं काय झालं

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी विकास मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला, आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड ही त्यांची मदत वाटणारी संस्था बंदच झाली. ब्रिटनने आधीच २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली होती, २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ पर्यंत ती ०.३ वर जाणार.

आता इथं एक गोंधळ होतो. यूएसएड काही एमएस्सीच्या पोरांना कॅमेरा ट्रॅप घेऊन देत नव्हती. त्यांच्या पैशावर मोठी कामं चालायची, उदाहरणार्थ कांगो खोऱ्यातल्या जंगलासाठी १९९५ पासून चालू असलेला कार्यक्रम. पण अशाच मोठ्या कामांत नोकऱ्या असतात. छोटी ग्रँट करून, संशोधनाचा पेपर लिहून, पोरगा तयार झाला की तो पुढे जातो कुठे? गस्तीचा डेटा बघणाऱ्या, हत्तींची गणती करणाऱ्या, गावांशी बोलणाऱ्या या नोकऱ्यांत. शिडीच्या खालच्या पायऱ्या, म्हणजे त्या पाच-सात हजार पाउंडांच्या ग्रँट, अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत, मधल्या आणि वरच्या पायऱ्या गेल्या. आणि मग आधी नोकरीत असलेले अनुभवी लोकही खालच्या ग्रँटसाठी अर्ज करायला लागतात आणि नवख्या पोराची रांग आणखी लांब होते.

तिथली सरकारं काय करतायत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. १९८० च्या लागोस आराखड्यातच आफ्रिकी देशांनी ठरवलं होतं की देशाच्या उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करायचा. बहुतेक देश अजून त्याच्या निम्म्यालाही पोचलेले नाहीत. पण बोट दाखवायच्या आधी आपलं बघू, भारताचा आकडा ०.६४ टक्के आहे, आपणही एकाच्या खालीच आहोत.

काही देशांनी प्रयत्न केलेत. दक्षिण आफ्रिकेचं स्वतःचं नॅशनल रिसर्च फाउंडेशन चांगलं उभं आहे. नायजेरियात कंपन्यांच्या नफ्यावर लावलेल्या करातून टेटफंड नावाचा उच्च शिक्षणासाठीचा निधी चालतो. पण घाना २०२२ च्या डिसेंबरात आणि झांबिया २०२० मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवायच्या वेळेला आले होते. ज्या सरकारला डॉक्टर-मास्तरांचे पगार भागवायची चिंता आहे ते वटवाघळांच्या सर्व्हेला पैसे देताना हात आखडणार, मला यात त्यांना नुसता दोष द्यावासा वाटत नाही. आणि जे देतात ते शेती आणि आरोग्याला आधी देतात, वन्यजीव शेवटी.

बाहेरचे शास्त्रज्ञ करतायत की काम, मग काय बिघडलं?

करतात, आणि त्यातल्या पुष्कळांनी आयुष्य घातलंय, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण एक प्रकार आहे त्याला पॅराशूट सायन्स म्हणतात. बाहेरून यायचं, दोन महिने स्थानिक पोरांना घेऊन माहिती गोळा करायची, परत जायचं, पेपर आपल्या नावावर, आणि त्या जंगलाजवळच्या माणसांना त्यात काय लिहिलं तेही कळत नाही. याची मुळं जुनी आहेत. टांझानियातल्या टेंडागुरूला १९०९ ते १९१३ मध्ये खणलेला प्रचंड डायनोसॉर आज बर्लिनच्या म्युझियममध्ये उभा आहे. वटवाघळं, बेडूक, सरडे यांचे कितीतरी मूळ नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून त्या जातीची ओळख ठरली ते, लंडन, पॅरिस, बेल्जियममध्ये आहेत, म्हणजे स्वतःच्या देशातला प्राणी नक्की ओळखायचा तर तिथल्या पोराला आधी व्हिसा काढावा लागतो. व्हिसाच्या रांगेबद्दल आपल्याला कुणी काही सांगायला नको.

पेपर छापायचं तर वेगळंच. आता पुष्कळ जर्नल, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, वाचकाला पेपर फुकट देतात आणि लेखकाकडून पैसे घेतात. नेचर या नावाजलेल्या जर्नलनं २०२० मध्ये हा पर्याय जाहीर केला तेव्हा एका पेपरचे ९,५०० युरो सांगितले होते. अगदी गरीब देशांना पुष्कळ प्रकाशक माफी देतात, पण केनिया, घाना, नायजेरिया हे वर्ल्ड बँकेच्या यादीत एक पायरी वर आहेत, त्यांना बऱ्याच ठिकाणी निम्मी सवलत, आणि निम्मे पैसे तरी आणायचे कुठून.

स्थानिक माणूस असल्यानं काय फरक पडतो ते युगांडातल्या ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांच्या गोष्टीत दिसतं. १९९६ मध्ये त्या सरकारी वन्यजीव खात्यात पशुवैद्य म्हणून लागल्या, वय पंचविशीच्या आसपास. बविंडीच्या जंगलातल्या गोरिलांचे केस गळायला लागले, अंगावर पांढरे खवले, एक पिल्लू गेलं. निघाली खरूज. आणि ती आली कुठून, तर जंगलाच्या कडेच्या शेतांत लोकांनी बुजगावण्यांवर घातलेल्या मळक्या कपड्यांतून, गोरिला केळी खायला शेतात यायचे आणि ते कपडे हाताळायचे. त्यांनी यातून काढलेला अर्थ सरळ होता, गावात खरूज आहे तोवर गोरिलांनाही होणार, म्हणून आधी गावाचं आरोग्य. २००३ मध्ये त्यांनी कन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ ही संस्था काढली, ती माणसांच्या आणि गोरिलांच्या दोघांच्या तब्येतीकडे बघते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणतीत डोंगराळ गोरिला १,०६३ निघाले, हजाराच्या वर. हे काही एकट्या त्यांनी केलं नाही, पण गावात बसून गावाच्या भाषेत आरोग्याचं बोलणारा माणूस त्यात लागतो, आणि तो दोन महिन्यांच्या दौऱ्यात होत नाही.

माणसं उपाशी आहेत, प्राण्यांवर कशाला खर्च?

या प्रश्नाला मी कधीच हलकं घेत नाही, विचारणाऱ्याचं बरोबर असतं. पण जंगल आणि पोट ही वेगळी खाती आहेत असं तिथं राहणाऱ्या माणसाला वाटत नाही. नायजेरियाच्या इरोरो तानशी वटवाघळांवर काम करतात. २०१६ मध्ये क्रॉस रिव्हर राज्यातल्या अफी डोंगराच्या अभयारण्यात त्यांना एक छोटं वटवाघूळ सापडलं जे त्या देशात चाळीसेक वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. आनंद फार टिकला नाही, त्याच सुमारास तिथं मोठा वणवा लागला. वणवा येतो शेतांतून. पेरणीआधी राब भाजायला लोक आग लावतात, वारा फिरतो आणि आग डोंगर चढते. सह्याद्रीत ज्यानं फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री डोंगरावरची ती तांबडी रेघ बघितलीय त्याला यातलं काही सांगावं लागणार नाही.

त्या वणव्यात वटवाघळांच्या जंगलाबरोबर लोकांची शेतं आणि बागाही जळतात. म्हणून तानशी यांनी वणवा थांबवायचं काम हाती घेतलं, आज हवा कोरडी आहे, वारा आहे, आज जाळू नका हे गावागावात सांगायचं, आणि गावातलीच माणसं आगीवर लक्ष ठेवायला तयार करायची. २०२१ मध्ये त्यांना यासाठी व्हिटली अवॉर्ड हा निसर्ग जपणाऱ्यांना दिला जाणारा पुरस्कार मिळाला. वटवाघूळ वाचवायला निघालेली बाई शेतकऱ्याची बाग वाचवते, आणि शेतकरी तिच्या कामात उतरतो तो वटवाघळासाठी नाही, बागेसाठी उतरतो, मला हे अगदी योग्य वाटतं.

पैसे खाल्ले तर?

छोट्या ग्रँटमध्ये खायला असतं काय ते वर बघितलंच. मंजुरीला ओळखीच्या शास्त्रज्ञांची शिफारसपत्रं लागतात, शेवटी रिपोर्ट, फोटो, खर्चाचा तक्ता, आणि एकदा गडबड केली तर पुढची ग्रँट विसरा, हे जग फार लहान आहे. माझी तक्रार उलटी आहे. केळी विकणाऱ्या बाईकडून घडभर केळी घेतली, तिच्याकडे बिल कुठलं, मग पोरं रात्री टॉर्चच्या उजेडात वहीत सह्या-अंगठे घेत बसतात. पाच हजार पाउंडांना पाच लाख पाउंडांइतके कागद मागू नयेत.

शिकले की परदेशात जातात, परत येत नाहीत

जातात काही, खरंय. आपल्याकडून काय कमी जातात? पण परत यायला काहीतरी असावं लागतं, नोकरी, प्रयोगशाळा, निदान महिन्याला ठरलेले पैसे. केनियाच्या वांगारी माथाई १९६० साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेल्या, परत आल्या, १९७१ मध्ये नैरोबीतूनच पीएचडी केली, १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि २००४ ला शांततेचं नोबेल मिळवलं. त्या परत आल्या तेव्हा कबूल केलेली नोकरी दुसऱ्यालाच दिलेली होती, पण नंतर नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातच त्यांना दुसरी नोकरी मिळाली, हे त्या गोष्टीतलं फारसं कुणी न सांगितलेलं वाक्य आहे.

म्हणून मला नायजेरियातल्या जोस शहराजवळचं उदाहरण फार आवडतं. तिथं अमुरुम नावाचं एक छोटं राखीव जंगल आहे आणि त्याच्या कडेला ए. पी. लेव्हेंटिस पक्षी संशोधन संस्था. लेव्हेंटिस फाउंडेशनच्या पैशावर विद्यार्थी तिथं राहून कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजीत एमएस्सी करतात, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळतो, जंगल खोलीच्या दारात, आणि पक्ष्यांना जाळ्यात धरून, पायात कडी घालून, वजन-मापं घेऊन सोडायचं काम वर्षानुवर्षं त्याच जागी चालू आहे. इथं पैसा माणसावर लावलाय. तिथं शिकलेले लोक पुढे नायजेरियातच शिकवायला लागले, आणि देशभरचे पक्षी नोंदवणारा नायजेरिया बर्ड अॅटलास याच संस्थेच्या आधारानं उभा राहिला.

मोठ्या देणगीदारांनी फार काही करायची गरज नाही. सहा हजारांच्या ग्रँटमध्ये दीड-दोन हजार अर्जदाराच्या जगण्यासाठी, न लाजता, वेगळ्या ओळीत ठेवू द्या. एका वर्षाऐवजी तीन वर्षांचं वचन द्या, रक्कम तीच राहिली तरी चालेल. पैसे सीझनच्या आधी सोडा. फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये अर्ज घ्या.

आणि आपला काय संबंध?

आहे, आणि बराच आहे. कुनोतले चित्ते आठवा, २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ आले, २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा, ते प्राणी हाताळायचं ज्ञान त्यांच्याबरोबर तिथूनच आलं. पावसाळ्यानंतर आपल्या माळांवर थव्यानं उडणारे पिवळसर चतुर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात असं मानलं जातं, नोव्हेंबरच्या सुमारास नागालँडमधून निघणारे अमूर ससाणे महाराष्ट्रावरून उडत अरबी समुद्र पार करून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचतात. एका टोकाला कितीही जपलं आणि दुसऱ्या टोकाला बघणारंच कुणी नसेल तर मधे काय बिघडलं ते कधी कळणार नाही.

आपल्या सरकारनं सी. व्ही. रामन यांच्या नावानं आफ्रिकन संशोधकांसाठी फेलोशिप २०१० मध्ये सुरू केली, इथल्या प्रयोगशाळांत येऊन काम करायला. विकसनशील देशांतल्या महिला शास्त्रज्ञांची ओडब्ल्यूएसडी म्हणून एक संघटना आहे, ती मुलींना पीएचडीसाठी युरोपात न पाठवता दुसऱ्या विकसनशील देशात पाठवते. आपल्याकडच्या एखाद्या वन्यजीव विभागात घानाची मुलगी पीएचडीला येणं, तिला आपल्या राबाचा वणवा दाखवणं आणि तिच्याकडून तिथल्या वणव्याचं ऐकणं, हे मला लंडनच्या पॅराशूटपेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. प्राध्यापक मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी याचे नियम जरूर बघावेत.

आणि ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराला उत्तर. केनियात २०१३ पासून केनिया बर्ड मॅप नावाचं काम चालतं, देशाचे छोटे छोटे चौकोन पाडलेत आणि लोक एकेका चौकोनात जाऊन दिसले ते पक्षी नोंदवतात, चातकही त्यात येतो. नैरोबीच्या जवळचे चौकोन पुन्हा पुन्हा भरले जातात. उत्तरेकडचे, तुर्काना, मार्साबितच्या बाजूचे, जिथं रस्ता नाही आणि जायला दोन दिवसांचं भाडं लागतं, ते भरायला कुणीतरी पोरगं आधी पैसे जमवतं आणि मग जातं.